ट्रॅकियल कल्चरमध्ये असिनेटोबॅक्टर, बहुतेक औषधांना ‘आर’ (प्रतिरोधक). कोलिस्टिन आजच सुरू करायचं का?

निवासी_३:

आयसीयूतला प्रश्न आहे. क्रिटिकल केअर, मायक्रोबायोलॉजी, फार्मसी, इन्फेक्शन कंट्रोल, जे कोणी इथे असतील त्यांनी मत द्यावं.

पेशंट मेंदूतल्या रक्तस्रावामुळे व्हेंटिलेटरवर, आज सातवा दिवस. वजन ७० किलो. फिट आली होती म्हणून व्हॅल्प्रोएट चालू. चौथ्या दिवशी ‘एकदा बघून घेऊ’ म्हणून सक्शनचं सिक्रिशन कल्चरला गेलं होतं, त्याचा रिपोर्ट आज हातात आला. असिनेटोबॅक्टर बाउमानी, भरपूर वाढ. मेरोपेनेमची एमआयसी (जंतूची वाढ थांबवायला लागणारी औषधाची किमान पातळी) १६ किंवा जास्त, अमिकासिन आर, लिव्होफ्लॉक्सासिन आर, टायजेसायक्लिन १, कोलिस्टिन ०.५ आणि त्यापुढे ‘आय’ (इंटरमीडिएट, म्हणजे मधला गट).

ताप नाही, सर्वात जास्त ३७.४ सेल्सिअस. पांढऱ्या पेशी ११,२००, परवाही जवळपास तेवढ्याच. ऑक्सिजन ३५ टक्के, पीप (श्वास सोडल्यावर फुप्फुसात राखलेला दाब) ५, तीन दिवसांत काही वाढवावं लागलेलं नाही. एक्स-रेत नवीन काही नाही. सिक्रिशन पातळ, पांढरट, चार तासांतून एकदा सक्शन पुरतं. क्रिएटिनिन ०.९, बीपीसाठी औषध नाही.

युनिटमध्ये दोन तट आहेत. एक म्हणतो कोलिस्टिन आणि मेरोपेनेम ही दोन्ही अँटिबायोटिक आजच लावा, दुसरा म्हणतो थांबा. माझे प्रश्न असे: औषध द्यायचं की नाही? ०.५ असूनही ‘आय’ का? आकडा १ पेक्षा लहान, म्हणजे टायजेसायक्लिनपेक्षा कोलिस्टिन चांगलं, असं धरायचं का? आणि उद्या द्यावं लागलंच तर डोस कसा काढायचा? व्हायलवर १० लाख युनिट लिहिलंय, आमच्या तक्त्यात मिलिग्रॅम आहेत.

अतिदक्षता:

तुम्ही दिलेल्या आकड्यांवर तरी आज कोलिस्टिन नको.

व्हेंटिलेटर न्यूमोनिया म्हणायला आधी फुप्फुसात काहीतरी नवीन दिसायला हवं: एक्स-रेत नवीन किंवा वाढता डाग. त्यासोबत ताप, पांढऱ्या पेशी खूप वाढणं किंवा खूप घटणं, आणि घट्ट पिवळं-हिरवं सिक्रिशन, या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टी. आणि बहुतेक वेळा ऑक्सिजनची गरजही वर सरकलेली असते. तुमच्या पेशंटमध्ये यातलं एकही नाही. उरतं ते एकटं कल्चर. घशात नळी टाकल्यावर काही दिवसांतच श्वासनलिकेत आयसीयूतले जंतू वस्ती करतात, नळीच्या आतल्या बाजूला बायोफिल्म (जंतूंचा चिकट थर) धरते. तुम्ही सक्शन कॅथेटर घालता तेव्हा ती खरवडूनच वर येते. त्यामुळे आठवडाभर व्हेंटिलेटरवर असलेल्या पेशंटचं सिक्रिशन पाठवलं तर काही ना काही उगवणारच. खरं तर काहीच उगवलं नसतं तर मला जास्त नवल वाटलं असतं.

‘भरपूर वाढ’ हे शब्दही फसवे आहेत. वस्ती करणारा जंतूसुद्धा भरपूर वाढतो.

वस्तीवर कोलिस्टिन दिलं तर ती जात नाही. नळीतल्या बायोफिल्ममध्ये औषध पोचत नाही, शिरेतून दिलेलं कोलिस्टिन फुप्फुसाच्या पातळ थरातही कमीच उतरतं. मिळतं काय तर चढलेलं क्रिएटिनिन, आणि आठ-दहा दिवसांनी कोलिस्टिनलाही न जुमानणारा जंतू. शिवाय प्रोटियस, सेरेशिया, मॉर्गनेला, प्रोव्हिडेन्सिया यांना कोलिस्टिन मुळातच लागू पडत नाही. त्यांना तुम्ही मोकळं रान करून देता.

थांबायचं याचा अर्थ स्वस्थ बसायचं असा नाही. दर शिफ्टला तीन गोष्टी लिहून ठेवा: सर्वात कमी किती ऑक्सिजन आणि पीपवर भागलं, सिक्रिशनचा रंग आणि किती वेळा सक्शन लागलं, आणि बीपीचं औषध. यातलं काही बिघडलं तर एक्स-रे, दोन ब्लड कल्चर आणि नवीन ट्रॅकियल नमुना. मग निर्णय.

आणि चौथ्या दिवशीचं ते ‘एकदा बघून घेऊ’ कल्चर बंद करा. लक्षण नसताना पाठवलेला नमुना औषध सुरू करायचा मोह तेवढा वाढवतो.

अगार_प्लेट:

वरच्याशी सहमत. लॅबच्या बाजूने तीन गोष्टी.

पहिली, नमुना. सक्शनच्या मोठ्या बाटलीतून किंवा ट्यूबिंगमधून काढलेलं सिक्रिशन निरुपयोगी. नवं निर्जंतुक कॅथेटर, मध्ये म्यूकस ट्रॅप, कॅथेटर अडेपर्यंत आत आणि मगच सक्शन चालू. सलाइन घालू नका. चिकटून बसलंच तर अगदी थोडं घाला आणि फॉर्मवर तसं लिहा, कारण नमुना पातळ झाला की मोजणी बिघडते. दोन तासांत लॅबला, नाहीतर फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर. खोलीच्या तापमानाला पडून राहिलेल्या नमुन्यात असिनेटोबॅक्टर आणि स्यूडोमोनास आरामात वाढत राहतात, आणि सकाळी ‘भरपूर वाढ’ असा रिपोर्ट येतो. काढलेल्या ट्यूबचं टोक कापून पाठवू नका, आम्ही ते परत करतो.

ग्रॅम स्टेनचा रिपोर्ट मागून घ्या. त्याच दिवशी मिळतो आणि बऱ्याचदा कल्चरपेक्षा जास्त सांगून जातो. लो पॉवरवर एका फील्डमध्ये २५ पेक्षा जास्त पू-पेशी आणि १० पेक्षा कमी एपिथेलियल पेशी असतील तर नमुना खालच्या श्वासनलिकेतला आणि सूज खरी. पू-पेशी नाहीत, जंतू मात्र रांगेने पडलेत, असं असेल तर वस्तीकडे कल. लॅब मोजणी देत असेल तर एंडोट्रॅकियल नमुन्यात मिलिलिटरला एक लाख ते दहा लाख, बीएएलमध्ये (फुप्फुसाचा भाग धुऊन घेतलेल्या नमुन्यात) दहा हजार, हे ढोबळ उंबरठे. आकडा उंबरठ्यावर गेला म्हणून न्यूमोनिया सिद्ध होत नाही. पण चालू अँटिबायोटिक बदललेलं नसताना आकडा खूपच खाली आला तर न्यूमोनियाची शक्यता बरीच कमी होते.

दुसरी, ‘आय’. रिपोर्टचे निकष ठरवणाऱ्या सीएलएसआय या संस्थेने २०२० मध्ये कोलिस्टिनचा ‘एस’ (औषध लागू पडतं) गटच काढून टाकला. आता २ किंवा कमी म्हणजे ‘आय’, ४ किंवा जास्त म्हणजे ‘आर’. ०.५ असो की ०.२५, ‘एस’ कधीच छापून येणार नाही. कारण रक्तात जी सरासरी पातळी गाठायची ती लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम, आणि त्याच्या जरा वर गेलं की मूत्रपिंड बिघडायला लागतं. मधली जागाच नाही. औषध बरं आहे असं ठामपणे म्हणता येत नाही म्हणून ‘आय’.

तो ०.५ कोणत्या पद्धतीने काढलाय तेही विचारा. कोलिस्टिनचा रेणू मोठा, अगारमध्ये नीट पसरत नाही. म्हणून साधी डिस्क आणि ग्रेडियंट स्ट्रिप दोन्ही बाद. ऑटोमेटेड मशीनही प्रतिरोध चुकवतात, म्हणजे ‘आर’ असलेल्याला लहान आकडा देतात. असिनेटोबॅक्टरसाठी ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनच (द्रवात औषध टप्प्याटप्प्याने पातळ करून मोजायची पद्धत) धरायचं. क्लेबसिएला आणि स्यूडोमोनाससाठी डिस्क इल्यूशन चालतं: १० मिली ब्रॉथच्या चार नळ्या, त्यांत १० मायक्रोग्रॅमच्या अनुक्रमे शून्य, एक, दोन आणि चार डिस्क. तीस मिनिटं औषध उतरू द्यायचं, मग जंतू घालायचे. कुठल्याही छोट्या लॅबला जमेल असं काम आहे.

तिसरी, दोन औषधांच्या एमआयसी एकमेकींशी ताडून बघायच्या नसतात. रिपोर्ट वाचताना ही चूक सगळ्यात जास्त दिसते. टायजेसायक्लिनचाच आकडा घ्या. नेहमीच्या डोसला, १०० मिग्रॅ आणि मग दर १२ तासांनी ५० मिग्रॅ, रक्तातली सर्वोच्च पातळीसुद्धा मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅमच्या आत राहते. म्हणजे रक्तातल्या जंतूची एमआयसी १ असेल तर औषध तिथे पोचलेलंच नाही. उलट मेरोपेनेमची पातळी काही तास ८ च्या वर ठेवता येते. आकडा बघायचा तो त्या औषधाच्या त्या जागी मिळणाऱ्या पातळीशी.

जुना_वॉर्ड:

पुस्तकी उत्तरं ठीक आहेत. पण रिपोर्टवर असिनेटोबॅक्टर असताना पेशंट रात्रीत कोसळला तर जबाबदार कोण? निदान मेरोपेनेम तरी चालू ठेवा. कव्हर राहील, किडनीलाही धक्का नाही.

अतिदक्षता:

कव्हर कशाचं? १६ किंवा जास्त एमआयसी असलेल्या जंतूला मेरोपेनेम काही करत नाही. कोलिस्टिनच्या जोडीला दिलं तर उपयोग होईल या आशेवर वर्षानुवर्षं दिलं गेलं. २०१८ मध्ये एइडा ही चाचणी प्रसिद्ध झाली. ४०६ पेशंट, बहुतेक असिनेटोबॅक्टरचेच. एकटं कोलिस्टिन आणि कोलिस्टिन-मेरोपेनेम यांत फरक निघाला नाही.

कोसळण्याचं म्हणाल तर त्यासाठी वेगळा नियम आहेच. सेप्सिसची शंका आणि शॉक असेल तर कल्चर घेऊन तासाभरात अँटिबायोटिक. शॉक नसेल आणि इन्फेक्शन आहे की नाही याचीच शंका असेल तर तीन तासांपर्यंत तपासायला मुभा, शंका कायम राहिली तर द्या. इथे मुळात शंका घ्यावी असंच काही नाही.

मिलिग्रॅम:

मेरोपेनेमबद्दल एक मोठी गोष्ट राहून जातेय. पेशंट व्हॅल्प्रोएटवर आहे. कुठलंही कार्बापेनेम (मेरोपेनेम ज्या गटातलं तो गट) सुरू केलं की २४ तासांत व्हॅल्प्रोएटची पातळी निम्म्याहून जास्त घसरते, कधी कधी मोजण्याइतकीही उरत नाही. व्हॅल्प्रोएटचा डोस वाढवून भरून निघत नाही, आणि मेरोपेनेम थांबवल्यावरही पातळी पूर्ववत व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. मेंदूत रक्तस्राव झालेल्या पेशंटला ‘कव्हर’ म्हणून दिलेल्या मेरोपेनेमने पुन्हा फिट आणणं फार महागात पडेल. कार्बापेनेम खरंच लागलं तर आधी लेव्हेटिरासेटाम हे फिटचं दुसरं औषध सुरू करा.

आता कोलिस्टिनचा हिशेब. गोंधळ होतो कारण एकाच व्हायलवर तीन आकडे असू शकतात. १० लाख युनिट म्हणजे सुमारे ८० मिग्रॅ कोलिस्टिमेथेट सोडियम, आणि त्यातलं कोलिस्टिन बेस सुमारे ३३ मिग्रॅ. ऑर्डर नेहमी युनिटमध्ये लिहा. मिलिग्रॅम लिहायचेच तर ‘कोलिस्टिन बेस’ की ‘कोलिस्टिमेथेट’ हे शब्दांत लिहा. लोडिंग डोस (सुरुवातीचा मोठा डोस) ९० लाख युनिट, म्हणजे बेसचे ३०० मिग्रॅ किंवा कोलिस्टिमेथेटचे ७२० मिग्रॅ. ‘३०० मिग्रॅ’ एवढंच लिहिलं आणि सिस्टरांनी ते कोलिस्टिमेथेट समजून काढलं तर पेशंटला निम्म्यापेक्षा कमी औषध जातं. उलट ‘७२०’ बेस समजून काढलं तर दुपटीहून जास्त.

व्हायल जोरात हलवू नका, फेस होतो आणि पूर्ण डोस ओढता येत नाही. हातात धरून हळू फिरवा.

लोडिंग डोस किडनी बिघडलेल्यालाही पूर्णच. तो वगळला तर पातळी जमायला दोन-तीन दिवस जातात, कारण कोलिस्टिमेथेट हे स्वतः औषध नाही, शरीरात हळूहळू त्याचं कोलिस्टिन होतं. १२ तासांनी मेंटेनन्स: किडनी ठीक असेल तर ४५ लाख युनिट दर १२ तासांनी. किडनीप्रमाणे कमी करायचा तो मेंटेनन्स. सीआरआरटी (सतत चालणारं डायलिसिस) चालू असेल तर उलट वाढवावा लागतो, दिवसाला सुमारे १३० लाख युनिटपर्यंत, कारण मशीन ते सतत काढून टाकतं. ‘डायलिसिसवर आहे म्हणून अर्धा’ ही सवय इथे घात करते.

पण रक्तातल्या इन्फेक्शनला माझी पसंती कोलिस्टिनच्याच गटातल्या पॉलिमिक्सिन बी ला. ते थेट सक्रिय रूपातच असतं, किडनीप्रमाणे डोस बदलावा लागत नाही. १ मिग्रॅ म्हणजे १०,००० युनिट. ७० किलोला लोडिंग २ ते २.५ मिग्रॅ प्रति किलो, म्हणजे १४० ते १७५ मिग्रॅ, म्हणजे १४ ते साडेसतरा लाख युनिट, तासाभरात. मग १२ तासांनी १.२५ ते १.५ मिग्रॅ प्रति किलो. ५ लाखांच्या व्हायल असतील तर लोडिंगला तीन ते साडेतीन लागतात. लघवीत मात्र ते फार कमी उतरतं, म्हणून लघवीच्या इन्फेक्शनला कोलिस्टिनच. दोन्हींनी क्रिएटिनिन वाढतं, सोबत व्हॅन्कोमायसिन किंवा अमिकासिन असेल तर जास्तच. पॉलिमिक्सिनने चेहरा-मान काळवंडते, नातेवाईक घाबरून विचारतात, आधीच सांगून ठेवा.

असिनेटोबॅक्टरचा खरा न्यूमोनिया झाला तर उपचाराचा पाया म्हणून सल्बॅक्टम घ्या. इथे ते नेहमीसारखं मदतनीस नसतं, स्वतःच जंतूच्या भिंतीवर काम करतं. सल्बॅक्टम-डुर्लोबॅक्टम मिळत असेल तर कार्बापेनेमसोबत तेच पहिलं. नसेल तर ॲम्पिसिलिन-सल्बॅक्टम ९ ग्रॅम दर ८ तासांनी, प्रत्येक डोस ४ तासांत, सोबत पॉलिमिक्सिन बी किंवा मिनोसायक्लिन. ३ ग्रॅमच्या व्हायलमध्ये सल्बॅक्टम १ ग्रॅमच असतं, म्हणजे दिवसाला ९ व्हायल. किडनी बिघडली तर हा डोस कमी करावा लागतो. आणि यातून दिवसाला साधारण ९० मिलिइक्विव्हॅलंट सोडियम जातं, मेंदूच्या पेशंटचं सोडियम चार्टवर लिहिताना ते धरा.

निवासी_३:

सगळ्यांचे आभार. औषध दिलं नाही, चार्ट ठेवला. आज नववा दिवस आणि चित्र बदललंय. पहाटे थंडी वाजून ३९.२ ताप, बीपी टिकवायला नॉरॲड्रेनालिन सुरू करावं लागलं. ऑक्सिजन अजून ४० वर भागतंय, एक्स-रे तसाच, सिक्रिशनही तसंच. ब्लड कल्चर दोन सेट पाठवले, एक दंडातून आणि एक सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेतल्या नळीतून), एकाच वेळी, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली. लाइनची बाटली ९ तासांनी वाजली (मशीनने वाढ दाखवली), दंडाची साडेअकरा तासांनी. दोन्हींत ग्रॅम-निगेटिव्ह बॅसिलाय. लाइन मांडीत आहे, पहिल्या दिवसापासून. पॉलिमिक्सिन बी लोडिंग दिलंय. हा तोच असिनेटोबॅक्टर धरायचा ना?

अतिदक्षता:

तसं धरू नका. फुप्फुस शांत आहे आणि लाइनची बाटली दंडाच्या अडीच तास आधी वाजली. दोन तासांपेक्षा जास्त फरक, तोही सारख्या मापाच्या आणि एकाच वेळी घेतलेल्या नमुन्यांत, म्हणजे उगम लाइनमध्ये. मांडीच्या लाइनमध्ये बहुधा आतड्यातला जंतू असतो.

लाइन आत्ता काढा. आत अँटिबायोटिक भरून (लॉक करून) ती वाचवायची वेळ नाही, शॉक आहे. नवीन लाइन दुसऱ्या जागी, मांडीत नको, आणि जुन्या लाइनवरून गाइडवायर टाकून बदलायची नाही. नॉरॲड्रेनालिन तेवढ्यापुरतं दंडाच्या चांगल्या शिरेतून चालेल, जागेवर नजर ठेवा.

अगार_प्लेट:

बाटलीतून थेट पीसीआर पॅनल असेल तर तासा-दीड तासात नाव आणि जीन मिळेल. नसेल तर सकाळी प्लेटवर कॉलनी आली की लॅटरल फ्लो स्ट्रिप लावायला सांगा: केपीसी, ऑक्सा-४८, एनडीएम, व्हीआयएम, आयएमपी अशा पाच रेघा, प्रत्येक रेघ कार्बापेनेम फोडणाऱ्या एका एन्झाइमची, पंधरा मिनिटं. सेन्सिटिव्हिटीसाठी आणखी दिवसभर थांबावं लागतं, पण औषध निवडायला ही स्ट्रिप पुरते.

क्लेबसिएला आणि फक्त ऑक्सा-४८ निघालं तर सेफ्टाझिडिम-ॲविबॅक्टम एकटं पुरतं. एनडीएम असेल तर ते एकटं फुकट, कारण एनडीएमवर ॲविबॅक्टमचा काहीच परिणाम होत नाही. एनडीएम सगळे बीटा-लॅक्टम फोडतं, फक्त ॲझट्रिओनामला हात लावत नाही. पण त्याच जंतूत बहुधा ईएसबीएल किंवा अँप-सी हे दुसरं एन्झाइमसुद्धा असतं आणि ते ॲझट्रिओनाम फोडतं. ॲविबॅक्टम या दुसऱ्या टोळीला अडवतं, म्हणून दोन्ही मिळून चालतात. वेगवेगळ्या डिस्कवर दोन्ही ‘आर’ येतील, घाबरू नका. दोन्ही डिस्क एकाच ब्रॉथच्या नळीत टाकून एकत्र परिणाम बघता येतो, लॅबला तसं स्पष्ट कळवा.

एक अपवाद. एनडीएमवाल्या ई. कोलायमध्ये पीबीपी-३ या प्रथिनात चार अमिनो आम्लांची जास्तीची भर कधी कधी असते. तिथे ॲझट्रिओनाम धरत नाही आणि जोडीही कमी पडते. म्हणून ई. कोलाय असेल तर एकत्र चाचणी टाळू नका.

मिलिग्रॅम:

एनडीएम निघालं तर: सेफ्टाझिडिम-ॲविबॅक्टम २.५ ग्रॅम दर ८ तासांनी, ३ तासांत. ॲझट्रिओनाम २ ग्रॅम दर ६ ते ८ तासांनी, तेही ३ तासांत. दोन्ही शक्यतो एकाच वेळी सुरू. एक सकाळी सहाला आणि दुसरं दहाला असं झालं तर ॲविबॅक्टम संपलेलं असतं आणि ॲझट्रिओनाम एकटं पडतं. हे चार्टवर बाणाने जोडून लिहा, नाहीतर रात्रपाळीत वेळा सरकतात. ॲझट्रिओनाम दर ६ तासांनी देत असाल तर लिव्हर एन्झाइम बघत राहा. शॉकमध्ये पहिले दोन दिवस किडनीच्या आकड्यावरून डोस कापायची घाई करू नका, क्रिएटिनिन बऱ्याचदा त्याच काळात सुधारतं. जोडी सुरू झाली की पॉलिमिक्सिन थांबवा.

निवासी_३:

क्लेबसिएला न्यूमोनिए, स्ट्रिपवर एनडीएम आणि ऑक्सा-४८ दोन्ही. लाइन काढली, जोडी सुरू, नॉरॲड्रेनालिन निम्म्यावर. किती दिवस द्यायचं? आणि आता वॉर्डात दोन वेगळे जंतू झाले. शेजारच्या बेडसाठी काय करू?

अतिदक्षता:

सात दिवस, पहिला दिवस म्हणजे लागू पडणारं औषध सुरू झाल्याचा आणि लाइन निघाल्याचा, जो नंतरचा असेल तो. रक्तातल्या इन्फेक्शनला सात की चौदा यावर बॅलन्स ही चाचणी २०२४ मध्ये आली, ३,६०८ पेशंट, निम्म्याहून जास्त आयसीयूतले. ९० दिवसांतले मृत्यू सात दिवसांच्या गटात १४.५ टक्के आणि चौदाच्या गटात १६.१ टक्के. तिथे स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि कृत्रिम झडपेसारखे पेशंट वगळले होते, हे लक्षात ठेवा. लाइन निघूनही ७२ तासांनंतर ताप किंवा कल्चर पॉझिटिव्ह राहिलं तर इको आणि शिरेतल्या गुठळीसाठी डॉप्लर, दिवस मोजणं तेव्हा नव्याने.

हात_आधी:

डॉक्टर, इन्फेक्शन कंट्रोलच्या बाजूने मी लिहिते.

दोन्ही जंतूंचा प्रवास वेगळा. असिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावर काही आठवडे तग धरतो: बेडची कड, व्हेंटिलेटरची स्क्रीन, इन्फ्यूजन पंपाची बटणं, बीपीचा कफ, अल्ट्रासाउंडचा प्रोब आणि त्याची वायर. प्रोब पुसतात, वायर कोणीच पुसत नाही. क्लेबसिएला आतड्यात राहतो, म्हणून डायपर बदलणं, बेडपॅन, आणि ओले भाग, विशेषतः बेसिन.

या पेशंटला वेगळी खोली, नसेल तर वॉर्डाच्या टोकाचा बेड. स्टेथोस्कोप, कफ, थर्मामीटर त्याचाच. गाऊन आणि ग्लोव्ह. ग्लोव्ह काढल्यावर हात चोळायचेच, काढताना मनगटाला लागतं. ग्लोव्हवरून सॅनिटायझर लावून पुढच्या बेडला जाणं बंद. अल्कोहोल रब २० ते ३० सेकंद, अंगठा आणि नखांची टोकं सुटतात ती आधी घ्या. जुलाब सुरू झाले आणि क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल निघालं तर अल्कोहोल स्पोअरना मारत नाही, तिथे साबण-पाणी, ४० ते ६० सेकंद. शेजारच्या पेशंटचे रेक्टल स्वॅब पाठवा, पण पॉझिटिव्ह आला म्हणून औषध नाही, फक्त आयसोलेशन. वरची चर्चा तिथेही लागू.

बेसिनचं काय ते लांबवून सांगते, कारण उद्रेकांत ते उशिरा सापडतं. पाण्याची धार थेट जाळीवर पडत असेल तर थेंब मीटरभर उडतात, आणि शेजारी ट्रॉलीवर औषध भरणं चालू असतं. वाकड्या नळीतली बायोफिल्म खाद्य मिळालं की दिवसाला सुमारे अडीच सेंटिमीटर वर चढून जाळीपर्यंत येते, हे २०१७ मध्ये प्रयोगात दाखवलं गेलं. खाद्य आपणच देतो: उरलेलं ट्यूब फीड, डेक्स्ट्रोज, व्हेंटिलेटरच्या सर्किटमधलं पाणी. वरून अँटिबायोटिकची उरलेली बाटली ओतली की प्रतिरोधक तेवढेच शिल्लक. सीआरआरटीचं टाकाऊ पाणीही तिथे नको. हे सगळं स्लूसमध्ये (घाण पाणी टाकायच्या जागी). हात धुवायच्या बेसिनमध्ये फक्त हात.

मांडीची लाइन नऊ दिवस का राहिली हेही बघायला हवं. रोजच्या राउंडला ‘लाइन अजून हवी का’ हा प्रश्न सिस्टर विचारतील असं ठरवा. हब वापरण्याआधी अल्कोहोलने १५ सेकंद घासायचं आणि सुकू द्यायचं. सुकण्याआधीच सिरिंज लावली तर घासणं वाया. नवीन लाइनच्या जागी क्लोरहेक्सिडीन-अल्कोहोल ३० सेकंद पुढे-मागे घासून, पूर्ण सुकल्यावर ड्रेप. घशातल्या नळीच्या फुग्याचं, म्हणजे कफचं, प्रेशर २० ते ३० सेंटिमीटर पाणी, दर शिफ्टला मोजून. डोकं ३० ते ४५ अंश. दात ब्रशने घासा, क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्यांची आता शिफारस राहिलेली नाही. सर्किट ठरावीक दिवसांनी बदलू नका, घाण झालं तरच.

निवासी_३:

सिस्टर, हायपोक्लोराइट किती? आमच्याकडे कोणी बादलीत अंदाजाने ओततं.

हात_आधी:

अंदाजाने नको. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर त्यात ५०,००० पीपीएम (दहा लाख भागांत तेवढे भाग) क्लोरीन. पृष्ठभागाला १,००० पीपीएम हवं: २० मिली हायपोक्लोराइट आणि ९८० मिली पाणी. रक्त सांडलं असेल तर आधी शोषून घ्या, मग १०,००० पीपीएम: २०० मिली आणि ८०० मिली पाणी. आधी डिटर्जंटने पुसून मळ काढा, मळ असला की क्लोरीन त्यावरच खर्च होतं. मग हायपोक्लोराइट लावून दहा मिनिटं ओलं राहू द्या, त्यानंतर स्क्रीन आणि धातूचे भाग साध्या पाण्याने पुसा, नाहीतर गंजतात. स्क्रीनला कंपनीने हायपोक्लोराइट मना केलं असेल तर क्वाटर्नरी अमोनियमचे वाइप. द्रावण रोज नवं, बाटली अंधारात आणि थंड जागी. ॲसिडच्या टॉयलेट क्लीनरमध्ये कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. फडकं एका बेडचं दुसऱ्याला नाही, आणि वापरलेलं फडकं पुन्हा बादलीत बुडवायचं नाही.